ठणका आणि ठेका

रात्रभर दाढ ठणकते; ती काढून टाकली की दोन दिवसांत माणूस ठणठणीत होतो. दुखण्याचे नाव आणि दुखणे संपल्याचे नाव एकाच ‘ठण’मधून निघावे, ही गंमत बोलताना कानावरून निसटते. पण ‘ठण’ हा तर धातूच्या भांड्याचा आवाज. तो दाढेत कसा शिरला, आणि तब्येतीत कसा?

‘ठणठणीत’चा माग त्यातल्या त्यात सोपा दिसतो. भांडे विकत घेताना टिचकी मारून पाहायची रीत जुनी. तडा गेलेले भांडे बद्द वाजते, पक्के भांडे ठणठण वाजते. ज्याच्या अंगी कुठे तडा नाही तो माणूसही ठणठणीत, अशी ही बढती झाली असावी. ‘खणखणीत’ तब्येत आणि ‘खणखणीत’ नाणे ही याचीच भावकी. मात्र रिकामे भांडेही ठणठणतेच, म्हणून खिशातला ‘ठणठणाट’ आणि ‘ठणठणगोपाळ’. जयवंत दळवींनी ‘ललित’ मासिकातल्या सदरासाठी ‘ठणठणपाळ’ हे टोपणनाव घेतले, तेव्हा रिकामा खिसा आणि ठणकावून बोलणे या दोन्ही छटा त्यांना हव्या असाव्यात. इंग्रजीत ‘साउंड’ म्हणजे आवाज आणि ‘साउंड’ म्हणजे सुदृढ. पण तिथला योग निव्वळ अपघाताचा. पहिला लॅटिन ‘सोनुस’चा वंशज, दुसरा जर्मन ‘गेझुंट’चा नातलग. मराठीत मात्र आवाज आणि आरोग्य खरोखर एकाच घरचे दिसतात.

दाढेचा ‘ठणका’ जरा अवघड आहे. दाढ वाजत नाही. तरी दुखणाऱ्याला जे जाणवते ते ठोक्यासारखे असते: येते, ओसरते, पुन्हा येते. घंटेवर एकामागून एक टोले पडावेत तसे. म्हणजे शब्दाने उचलला तो आवाज नसून आवाजाची लय असावी. हे एकदा लक्षात आले की दुखण्याच्या मराठी शब्दांकडे पाहण्याची नजरच बदलते. गळू ‘ठसठसते’. पाठीतून ‘सणक’ जाते. हवेतून सणसणत जाणारा बाण आणि कानाखालची सणसणीत चपराक यांच्याशी तिचे नाते उघड आहे. दबलेल्या पायाला ‘झिणझिण्या’ येतात, डोके ‘भणभणते’, ताप ‘फणफणतो’, बारीक असला तर नुसती ‘कणकण’ येते, आणि खरचटलेले ‘चुरचुरते’. सगळेच शब्द कानाने घेतलेले आहेत असे नाही. ‘चमक’ डोळ्यांनी पाहिलेली आहे, ‘पेटका’ आणि ‘उसण’ यांचा आवाजाशी संबंध दिसत नाही. तरीही कानाचे पारडे जड आहे खरे.

हा गुण एकट्या मराठीचा म्हणता येणार नाही. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९६९ मध्ये भारतीय भाषांतल्या अनुकरणवाचक शब्दांवर एक निबंध लिहिला. असे दुहेरी, नादमय शब्द इंडो-आर्य आणि द्रविड या दोन्ही कुळांत सारखेच मुबलक आहेत आणि ते एकमेकांच्या शेजारातून पसरले, असा त्याचा रोख. मराठी तर दोन्ही कुळांच्या उंबरठ्यावर बसलेली. तिच्या पदरी हे धन दुप्पट पडले असावे.

संस्कृतातही मजेदार खुणा सापडतात. पाणिनीय धातुपाठात ‘शब्द करणे’ या एकाच अर्थाखाली लहान लहान धातूंची एक रांग लावली आहे. त्यात ‘रण’ आहे, ‘भण’ आहे, ‘कण’ आणि ‘क्वण’ आहेत, आणि त्याच रांगेत ‘व्रण’ही उभा आहे. जखम या अर्थाचा ‘व्रण’ वेगळ्या मुळाचा मानतात, तेव्हा हा नामसाधर्म्याचा खेळ असावा. पण ‘कण’ धातू आणि आपले ‘कण्हणे’ शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा मोह आवरत नाही. दुखणाऱ्या अंगाला आपण आवाजाचे नाव दिले, आणि दुखणारा माणूस स्वतःही एका लयीत आवाज काढतो, ते कण्हणे.

‘कळ’ याहून अवघड. पोटात कळ येते, बाळंतपणाच्या कळा येतात, कळ सोसावी लागते, थोडी कळ काढावी लागते. यंत्राचीही कळ असते, म्हणून संगणकाला कळफलक. आणि ‘कळणे’ म्हणजे समजणे. ‘कल्’ धातूला धातुपाठाने शब्द आणि संख्यान, म्हणजे आवाज आणि मोजणी, असे दोन अर्थ दिले आहेत. कलकलाट पहिल्या अर्थाचा, संकलन दुसऱ्याचा. ‘कळणे’ हे मोजण्याकडून जाणण्याकडे आलेले दिसते. पोटातली कळ याच धातूची लेक आहे असे छातीठोक म्हणवत नाही. पण दुखणे आणि जाणणे एकमेकांजवळ नांदल्याचा दुसरा पुरावा थेट ‘वेदना’ या शब्दातच आहे. ‘विद्’ म्हणजे जाणणे. वेद, विद्या, विद्वान सगळे तिथलेच. पालीत ‘वेदना’ म्हणजे कोणतीही जाणीव: सुखाची, दुःखाची किंवा ना सुखाची ना दुःखाची. मराठीने तिन्हींतली मधली तेवढी ठेवून घेतली आणि बाकीचा अर्थ ‘संवेदना’कडे सोपवला. आजचे शरीरशास्त्र वेदनेला निव्वळ इजेचा संदेश मानत नाही. मेंदूने घडवलेला अनुभव मानते. या बाबतीत पालीतला अर्थ आपल्या औषधांच्या वेष्टनावरल्या ‘वेदनाशामक’पेक्षा शास्त्राच्या अधिक जवळचा दिसतो.

‘दुःख’ शब्दाची पारंपरिक फोड ‘दुस्’ आणि ‘ख’ अशी करतात. ‘ख’ म्हणजे पोकळी, भोक. चाकाच्या तुंब्यातले आख बसवायचे भोकही ‘ख’च. ते नीट असेल तर ‘सु-ख’, वाकडे असेल तर ‘दुः-ख’. संस्कृत कोशकार मोनिअर-विल्यम्स यांचा या फोडीवर फारसा विश्वास दिसत नाही. ‘दुःस्थ’चे प्राकृत रूप असण्याचा संभव त्यांना अधिक वाटतो. पण चाकाची कल्पना खरी असेल तर तीही लयीचीच म्हणायची. वाकड्या भोकाचे चाक दर फेऱ्याला एकदा हिसका देते. आणि ‘व्यथा’? धातुपाठाने ‘व्यथ्’ला भय आणि संचलन हे अर्थ दिले आहेत. व्यथित होणे म्हणजे मुळात थरथरणे, डळमळणे. आज कवितेत आणि अग्रलेखात नुसती बसून असणारी व्यथा मूळची हलणारी आहे.

दुखण्याच्या शब्दांची मोजदाद शास्त्रानेही करून पाहिली. कॅनडात मॉन्ट्रिअलच्या मॅगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत ७८ विशेषणे २० गटांत मांडली होती. रुग्णाने आपल्या दुखण्याला लागू पडतील ती निवडायची. (हेच मेल्झॅक दहा वर्षे आधी, पॅट्रिक वॉल यांच्यासह, मज्जारज्जूत वेदनेला अडवणारे एक ‘दार’ असावे असे सांगून गेले होते.) यादीतला पहिलाच गट आपल्या कोड्याला धरून आहे: फ्लिकरिंग, क्विव्हरिंग, पल्सिंग, थ्रॉबिंग, बीटिंग, पाउंडिंग. लुकलुकण्यापासून कुटण्यापर्यंत चढत जाणारे सहा शब्द, आणि सहाही काळात मोजायचे. ‘थ्रॉब’ची व्युत्पत्ती इंग्रजी कोशकारांनाही नीट लागत नाही, ठोक्याच्या अनुकरणातून तो बनला असावा असा त्यांचा अंदाज. म्हणजे तिकडचा ‘थ्रॉब’ आणि इकडचा ‘ठणका’ एकमेकांना न भेटताही एकाच युक्तीने घडले.

मग ही लय येते कुठून? आपला सरसकट समज असा, की ठणका म्हणजे नाडी: दुखऱ्या जागी रक्ताचा ठोका पडला की कळ उठते. ‘नाडी’ शब्द ‘नड’, ‘नळ’ यांच्या घरचा, म्हणजे पोकळ वेत. त्यातून काहीतरी वाहते, हे त्या नावातच गृहीत. फ्लोरिडा विद्यापीठात अँड्र्यू आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हा समज तपासला. दाढदुखीने बेजार रुग्णांना त्यांनी ठणक्यागणिक खूण करायला लावले आणि त्याच वेळी नाडीही मोजली. नाडीचे ठोके मिनिटाला सरासरी ७३ आणि ठणके ४४. दोहोंचा मेळ काही बसला नाही. ठणका रक्ताचा नसावा, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी याच मंडळींनी एका रुग्णाच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी तपासल्या. अर्धशिशी ओसरली तरी तिचा ठणका मागे राहिलेला. त्या ठणक्याच्या चढउताराशी मेंदूच्या आल्फा लहरींच्या जोराचा चढउतार जुळताना त्यांना दिसला. एका रुग्णावरून सिद्धान्त उभा राहत नाही, हे खरेच. पण ‘ठणका’ रचणाऱ्या अनामिक मराठी माणसाला नाडीचे गणित नको होते. त्याने जे ऐकले ते मेंदूत वाजत असावे, असे म्हणायला जागा झाली.

आता ‘मेंदू’. हा शब्द संस्कृतातून सरळ आलेला दिसत नाही. ‘मेदस्’ म्हणजे चरबी, तिच्याशी त्याचे नाते लावता येते. पण कन्नडात मेंदूला ‘मिदुळु’ म्हणतात आणि तेलुगूत ‘मेदडु’. हे शेजारी पाहिले की ‘मेंदू’चे माहेर दक्षिणेला असावे असे वाटू लागते. उत्तरेकडून, फारसीतून, आला तो ‘मगज’. मूळ ‘मग्ज़’ म्हणजे मेंदू, गर, हाडातला मगज. अवेस्तातला ‘मज़्ग’ आणि संस्कृत ‘मज्जा’ ही त्याचीच भावंडे. म्हणजे ‘मज्जारज्जू’तली मज्जा आणि ‘मगजमारी’तला मगज हे कित्येक शतकांच्या ताटातुटीनंतर मराठीत पुन्हा भेटलेले चुलतभाऊ. (‘मज्जा आली’ मधली मज्जा मात्र फारसी ‘मज़ा’, म्हणजे चव, तिने फक्त द्वित्त घेतले.)

माणसाच्या या मगजाची लय पहिल्यांदा कागदावर उमटवली ती हान्स बर्गर यांनी, जर्मनीतल्या येना शहरात. प्रयोग १९२४ चा, प्रसिद्धी १९२९ ची. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून सेकंदाला साधारण दहा आवर्तनांची लहर मिळाली. पहिली म्हणून ती आल्फा. हे ग्रीक अक्षर सेमिटिक ‘आलेफ’वरून आले, आणि आलेफ म्हणजे बैल! ‘आवर्तन’ हा शब्द इथे मी मुद्दाम वापरतो. तबलजीचे आवर्तन, अथर्वशीर्षाची आवर्तने, कालव्याच्या पाण्याचे आवर्तन, सगळीकडे ‘वृत्’, फिरून येणे. सेकंदाला ८ ते १३ आवर्तने ती आल्फा, त्याहून धिम्या थीटा आणि डेल्टा, त्याहून जलद बीटा आणि गॅमा. यांना मराठीत ‘मेंदूलहरी’ म्हणू लागले. ‘लहरी’ संस्कृतातली लाट. जगन्नाथ पंडिताची ‘गंगालहरी’ सर्वांना ठाऊक. पण मराठीत आल्यावर लहरीला मेंदूची ओढ लागलेली दिसते. विषाची लहर येते, झोपेची लहर येते, आणि डोक्यात आलेली लहर म्हणजे तऱ्हेवाईक इच्छा. ‘लहरी माणूस’ म्हणताना आपण बर्गरच्या पुष्कळ आधी मनाला लाटांचे मानून बसलो होतो.

या लहरी बाहेरून वळवता येतात का, हा पुढचा प्रश्न, आणि वेदनेचा उपाय शोधणाऱ्यांची आशा त्यावरच आहे. मँचेस्टर विद्यापीठात अँथनी जोन्स यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना लेसरने क्षणभराची वेदना दिली आणि त्याआधी आल्फाच्या वेगाने लुकलुकणारा प्रकाश किंवा कानात त्याच वेगाचा आवाज दिला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात स्वयंसेवकांनी वेदना कमी झाल्याचे सांगितले. कानाच्या वाटेत एक अडचण असते: सेकंदाला दहा कंपने इतका खालचा सूर माणसाला ऐकूच येत नाही. म्हणून आवाज दहाच्या वेगाने तुटक करावा लागतो, किंवा दुसरी एक युक्ती योजावी लागते. एका कानात ४०० हर्ट्झचा सूर आणि दुसऱ्यात ४१० चा द्यावा. मेंदू दोन्ही एकत्र करताना दहाचा हेलकावा स्वतःच उभा करतो. एकोणिसाव्या शतकात हाइनरिश डोव्ह यांना हा प्रकार आढळला होता. तंबोरा जुळवणाऱ्याला हेलकावा परिचयाचा असतो; दोन तारांतला हेलकावा विरला की जोड जुळली. फरक एवढाच, की तंबोऱ्याचा हेलकावा हवेत असतो आणि हा डोक्यात. तो वेदनेवर कितपत चालतो याबद्दल प्रयोगांचा कौल एकसारखा नाही. शिवाय आन यांच्या रुग्णात आल्फाचा जोर ठणक्याबरोबर वाढत होता, आणि मँचेस्टरकर तर आल्फा वाढवून वेदना उतरवू पाहतात. कोडे आहेच.

बाहेरच्या लयीने आतली लय आपल्या वेगाशी बांधून घ्यावी, या घटनेला इंग्रजी शास्त्रात ‘एन्ट्रेनमेंट’ म्हणतात. घटना ओळखीची आहे. १६६५ मध्ये शास्त्रज्ञ क्रिस्टिआन हायखेन्स आजारपणामुळे खोलीत पडून होते, तेव्हा शेजारी टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप एकमेकांशी जुळून घेतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मराठीत ‘लय’ शब्दाच्या पोटातच ही जुळणी आहे. ‘ली’ म्हणजे चिकटणे, बिलगणे, विरघळणे. त्यातून लीन, विलय, प्रलय, आणि राहायची जागा ते आलय. संगीतात दोन मात्रांमधले अंतर ज्यात विरते ती लय. विलंबित, मध्य, द्रुत असे तिचे प्रकार आपण करतो, आणि लहरींचे डेल्टा-आल्फा-गॅमाही वेगाचेच प्रकार. तरीही ‘एन्ट्रेनमेंट’ला रूढ मराठी शब्द अजून बसलेला दिसत नाही. त्याकडे शेवटी येऊ.

लयीआधी नुसत्या नादाचा उपाय झाला होता. १९६० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात गार्डनर, लिक्लायडर आणि वाइस यांचा एक लेख आला: दाढेवर काम चालू असताना रुग्णाच्या कानाला संगीत आणि धबधब्यासारखा घोष द्यायचा, तो वाढवण्याची कळ रुग्णाच्याच हाती. पुष्कळांना दाढ बधिर करण्याचे औषध लागले नाही, असा त्यांचा दावा. (यांतले लिक्लायडर पुढे इंटरनेटच्या आद्य कल्पकांपैकी एक म्हणून गाजले.) इथे ‘नाद’ या शब्दाचे मराठीतले वळण आठवावे. ‘नद्’ म्हणजे घोष करणे. नदी त्याच घोषाने नदी झाली असे निरुक्तकार मानतात. मराठीत मात्र नाद म्हणजे आवाजही आणि व्यसनही. नादी लागणे, नाद सोडणे, नादिष्ट, कोल्हापुरी ‘नाद खुळा’. आवाज मन ओढून नेतो, या अनुभवातून हा अर्थ उपजला असावा. दाढेच्या खुर्चीवरचा माणूस नादावला की दाढ विसरतो, असे एक स्पष्टीकरण वेदनेच्या अभ्यासकांकडेही आहे. लक्ष दुसरीकडे गेले की वेदना उणावते.

पण २०२२ मध्ये त्याच ‘सायन्स’मध्ये चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी उंदरांवरचे प्रयोग मांडले आणि कोड्याला नवी गाठ बसली. बाखचे संगीत, तेच बेसूर केलेले, आणि नुसती खरखर. तिन्हींनी उंदरांची वेदना उतरली. अट एकच: आवाज सभोवतालच्या आवाजाहून जेमतेम पाच डेसिबल वर असावा. मोठा केला की गुण जातो. श्रवणाच्या मेंदूभागाकडून मेंदूतल्याच थॅलॅमस या भागाकडे जाणारा एक मार्ग या आवाजाने शांत होतो, असे त्यांना आढळले. उंदराला बाखचा नाद लागला असण्याचा संभव कमी. म्हणजे नादावण्याखेरीजही कानाकडून वेदनेकडे जाणारी एक वाट असावी.

ती वाट भाषेने उलट दिशेनेही चालून पाहिली आहे. फारसी ‘दर्द’ म्हणजे दुखणे. त्याचा ‘दर्दी’ गुजरातीत अजून रुग्णच आहे. तिथे दर्दी दवाखान्यात असतो. मराठीत तोच दर्दी मैफिलीत पुढच्या रांगेत बसून दाद देतो. हे कसे झाले? उर्दू काव्यपरंपरेत ‘अहले-दर्द’ म्हणजे हृदयात कळ असलेले लोक, आणि काव्य कळते ते त्यांनाच, अशी समजूत. संस्कृतातल्या ‘सहृदय’ रसिकाची ही फारसी आवृत्ती म्हणता येईल. त्या वाटेने, गाणे-बजावण्याच्या मंडळींबरोबर, दर्दी मराठीत आला असावा आणि येताना दुखणे मागे टाकून नुसते ऐकणे घेऊन आला असावा.

राहिला ‘एन्ट्रेनमेंट’ला शब्द. ‘लयानुसरण’, ‘लयबंधन’ असे समास करता येतील, आणि ते परिभाषा कोशात पडून राहतील. मला ‘ठेका धरणे’ पुरेसे वाटते. पखवाज ऐकून पाय ठेका धरतो, भजनात टाळ ताल धरतात, तसा मेंदू बाहेरच्या आवाजाचा ठेका धरतो. ‘धृ’ म्हणजे धरून ठेवणे. धीर त्याच धातूचा असावा, आणि तोही धरायचाच असतो. मराठीत आणखी एक गोष्ट धरते: उचलताना चुकले की पाठ धरते, गारठ्यात मान धरते. दुखणे आणि लय या दोघांनाही लागू पडणारे क्रियापद आपल्याकडे आधीपासून वापरात असेल, तर नवा शब्द पाडण्याआधी त्यालाच कामाला लावावे.